काका, काकी, काकू : स्वरओळख आणि वाचनाची पहिली पायरी

“डॉक्टर, याच्याशी घरी मराठी बोलणे बंद करू का?” हा प्रश्न इंदूरसारख्या शहरात बालरोगतज्ज्ञाला वारंवार ऐकावा लागतो. घरी आजी-आजोबा मराठी बोलतात, शेजारी आणि बाजारात हिंदी चालते, आणि तिसऱ्या वर्षी मूल ज्या शाळेच्या पायरीवर उभे राहते तेथे त्याचे स्वागत इंग्रजीतून होते. अशा घरातील मूल थोडे उशिरा बोलू लागले, किंवा पहिली-दुसरीत वाचताना अडखळू लागले, की दोष देण्यास सर्वांत जवळची आणि सर्वांत निमूट अशी एकच गोष्ट सापडते. ती म्हणजे घरातील मराठी.

या प्रश्नाला एकेकाळी मीही चुकीचे उत्तर दिले आहे. साडेतीन वर्षांचा एक मुलगा दवाखान्यात आला होता. “आई” हा शब्द तो स्वच्छ उच्चारी. पण काकूला “आऊ” आणि काकाला “आआ” म्हणे. स्वर जागेवर होते, व्यंजने मात्र गळून पडत होती. घरात तीन भाषा आहेत एवढे ऐकून मी सल्ला दिला, “तूर्त एकच भाषा ठेवा. शाळेची ठेवा.” आजींनी तो सल्ला औषधासारखा पाळला. त्या नातवाशी बोलेनाशा झाल्या, कारण त्यांना दुसरी भाषा सहज येत नव्हती. सहा महिन्यांनंतर सर्दीच्या निमित्ताने कान तपासला तेव्हा संशय आला आणि कान-नाक-घसातज्ज्ञ सहकाऱ्याने निदान केले : दोन्ही मध्यकर्णांत चिकट द्रव साठलेला. उपचारानंतर मुलाचे बोलणे सुधारले. भाषा तीन होत्या म्हणून तो अडखळत नव्हता. त्याला नीट ऐकूच येत नव्हते. आजींचे सहा महिन्यांचे मौन मात्र माझ्या खाती जमा राहिले.

प्रस्तुत लेख त्या चुकीतून जन्मला आहे. मुलाला स्वरांची ओळख कशी करून द्यावी, त्यातून वाचन कसे उभे राहते आणि या कामी आपण वैद्यकीय व्यवसायातील मंडळी काय करू शकतो, याचा येथे थोडक्यात विचार केला आहे.

स्वर प्रथम कानाचा

वाचन ही डोळ्यांनी करावयाची क्रिया आहे असे आपण मानतो. वस्तुतः तिचा पाया कानात घातला जातो. गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात आणि नवजात अर्भक आईचा आवाज ओळखते, हे १९८० मध्ये डीकॅस्पर व फिफर यांनी प्रयोगाने दाखविले. १९९२ मध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन व स्वीडिश बाळांचा तुलनात्मक अभ्यास केला. त्यात असे आढळले की, अवघ्या सहा महिन्यांच्या वयात बाळाचा कान आपल्या भाषेच्या स्वरांना सरावलेला असतो. व्यंजनांची गोष्ट थोडी नंतरची. वर्कर व टीस या संशोधकांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना त्यांतील भेद कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो बहुतांशी कळेनासा झाला होता.

यातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, शिक्षणक्रमात स्वर अक्षरांच्या आधी येतात, आणि त्यांचा पहिला शिक्षक म्हणजे बाळाशी बोलणारे घर. दुसरी अशी की, एकापेक्षा अधिक भाषा कानावर पडणे ही विकृती नव्हे. बहुभाषिक वातावरणामुळे वाचादोष उत्पन्न होतो याला आधार नाही. दोन भाषा शिकणाऱ्या मुलाचा प्रत्येक भाषेतील शब्दसंग्रह सुरुवातीस थोडा लहान दिसतो. दोन्ही मिळून मोजला तर तो पुरेसा असतो. म्हणून बोलणे खरोखरच मागे पडले असेल तर भाषा कमी करण्याऐवजी कान तपासावा.

स्वर दिसतो आणि हाताला लागतो

स्वर म्हणजे अडथळ्याविना बाहेर पडणारा ध्वनी. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, ‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकते. ‘आ’ म्हणताना काहीच कोठे अडत नाही. केवळ जबडा किती उघडला, जीभ पुढे उचलली की मागे आणि ओठ पसरले की गोल झाले, एवढ्यावर एक स्वर दुसऱ्याहून वेगळा होतो. ही शरीररचना आपण महाविद्यालयात शिकलो. तीच चार वर्षांच्या मुलाला एका आरशाच्या साहाय्याने शिकविता येते.

मुलाला आरशासमोर बसवावे. हनुवटीखाली त्याचाच हात ठेवावा आणि “आ” म्हणावयास सांगावे. हनुवटी हाताला खाली ढकलते. “ई” म्हटले की हनुवटी वर येते आणि ओठ हसल्यासारखे पसरतात. “ऊ” म्हटले की ओठांचा चंबू होतो. आ, ई आणि ऊ हे तीन स्वर तोंडाच्या तीन टोकांवर उभे आहेत. म्हणून ते मुलाला लवकर वेगळे ओळखता येतात. ‘ए’ हा आ आणि ई यांच्या मधला, ‘ओ’ हा आ आणि ऊ यांच्या मधला. वर्णमालेचा क्रम अ, आ, इ, ई असा आहे, तो शास्त्रशुद्ध आहे आणि पुढे पाठ व्हावाच. परंतु पहिली ओळख करून देताना आ, ई, ऊ, मग ए, ओ, असा क्रम मुलाला अधिक सोयीचा पडतो.

इ आणि ई, उ आणि ऊ यांतील फरकाचा आग्रह सुरुवातीस धरू नये. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घामुळे अर्थ बदलण्याचे प्रसंग थोडे आहेत : दिन आणि दीन, सुत आणि सूत, अशा मोजक्या जोड्या. याउलट अ आणि आ यांतील भेद मात्र पहिल्या दिवसापासून कानाला पटला पाहिजे. कारण तर आणि तार, मळ आणि माळ, पट आणि पाट, असे शेकडो शब्द त्यावर अवलंबून आहेत.

नात्यांची बाराखडी

इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या मराठी घरांत भाषा कितीही पातळ झाली तरी एक शब्दसंग्रह सहसा टिकून राहतो, तो नात्यांचा. स्वर शिकविण्यास याहून उत्तम साहित्य मला आजवर सापडलेले नाही. काका, काकी, काकू : तीन शब्द, व्यंजन एकच, आणि केवळ अखेरचा स्वर बदलताच माणूस बदलतो. मामा आणि मामी यांचेही तसेच. मुलाला व्याकरण सांगावे लागत नाही. स्वर बदलला की दारातून वेगळी व्यक्ती आत येते हे त्याला आपोआप समजते.

हे सर्व खेळ पाटी-पेन्सिलीविना, जेवताना किंवा स्कूटरवरून जातानाही खेळता येतात :

१. टाळ्यांचा खेळ. शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला एक टाळी द्यावी. का-कू, दोन, चि-म-णी, तीन, आ-जो-बा, तीन.

२. वेगळा कोण? “काका, मामा, दादा, मामी” यांतील शेवट कोणाचा वेगळा, हे मुलाने ओळखावे.

३. स्वर बदला. “मामा म्हण. आता शेवटी ई लाव.” मूल ‘मामी’ म्हणते. हा खेळ जमला की त्याला स्वर आणि व्यंजन यांची फारकत करता येऊ लागली असे समजावे. वाचनाची खरी पूर्वतयारी हीच.

४. घराची हजेरी. घरातील कोणाच्या नावाच्या शेवटी आ आहे, कोणाच्या ई, हे शोधावे.

तीन ते पाच या वयात एवढे पुरे. या वयात अक्षर गिरविण्याची घाई केल्याने हात दुखतो. कान तयार होत नाही.

स्वर डोळ्यांपुढे : मात्रा

देवनागरीत प्रत्येक व्यंजनाच्या पोटात ‘अ’ दडलेला असतो आणि इतर स्वर मात्रेच्या रूपाने त्याला चिकटतात. काना उजवीकडे येतो, उकार खाली, मात्रा वर, आणि पहिली वेलांटी चक्क डावीकडे. ‘कि’ म्हणताना आधी क येतो आणि मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी दिसते. कानाचा क्रम आणि डोळ्याचा क्रम येथे परस्परविरुद्ध आहे. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात अशा वेलांटीच्या शब्दांना वाचण्यास अधिक वेळ लागतो असे आढळले होते. तेव्हा पाच वर्षांचे मूल ‘दिवा’ या शब्दापाशी थांबले तर ते मंद आहे असे समजू नये. तो लिपीचा गुण आहे.

बारा रूपे आणि सुमारे छत्तीस व्यंजने धरली तर बाराखडीत चारशेहून अधिक आकृती होतात. त्या सर्व पाठ झाल्यावर शब्द वाचावयाचा असे ठरविले तर मूल वाचनाच्या आनंदापर्यंत पोहोचण्याआधीच थकते. अनेक मुले “क का कि की” तालात म्हणतात. पण मधलेच ‘की’ बोटाने दाखविले तर त्यांना पहिल्यापासून म्हणत यावे लागते. तालाने पाठांतर होते, ओळख होत नाही. बाराखडीचा ताल जरूर असावा, परंतु तो ओळखीच्या मागून यावा.

फलटण येथील प्रगत शिक्षण संस्थेत मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी हीच दिशा धरली. वर्णमालेचा क्रम बाजूस ठेवून निवडक अक्षरांचे गट घ्यावयाचे आणि त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावयाचे, अशी ती पद्धती आहे. त्या संस्थेची शाळा ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या कमलाबाई निंबकर या भारतातील ऑक्युपेशनल थेरपीच्या आद्य प्रवर्तक होत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना विशेष वाटेल.

घरी याचा अवलंब असा करता येईल. पहिल्या गटात क, म, न, ल, र, स ही सहा व्यंजने आणि केवळ काना घ्यावा. काका, मामा, नाना, कान, नाक, मान, मासा, रान, लाल, असे कितीतरी शब्द तयार होतात. “मामा, काम कर” हे पूर्ण वाक्य मूल पहिल्याच महिन्यात वाचते. मग दुसरी वेलांटी द्यावी : काकी, मामी, मीना. एवढ्यात अठरा आकृती झाल्या. पुढे दुसरा उकार, मात्रा, काना-मात्रा; त्यानंतर पहिली वेलांटी आणि पहिला उकार. दीर्घ रूपे आधी देण्यास कारण आहे. मराठीत शब्दाच्या अखेरचे इकार-उकार सामान्यतः दीर्घ लिहितात : आई, पाणी, लाडू, चाकू. आणि, नि, परंतु यांसारखे थोडे अपवाद नंतर सांगावेत. मूल-मुलाला, फूल-फुलाला हे बदल तिसरी-चौथीसाठी राखून ठेवावेत.

आणखी एक सावधगिरी. ‘घर’ या शब्दात लिहिताना दोन अ आहेत. बोलताना शेवटचा अ ऐकू येत नाही. मूल “घ… र…” असे दोन्ही अक्षरे ताणून म्हणते आणि त्यातून त्याला घर दिसत नाही. अशा वेळी पुन्हा “नीट वाच” म्हणण्यात अर्थ नाही. “आता झटकन जोडून म्हण” असे सांगावे व एकदा आपण म्हणून दाखवावे.

धीर मात्र हवा. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड मुलांविषयी प्रसिद्ध केलेला अभ्यास असे सांगतो की, भारतीय लिप्यांतील अक्षरज्ञान पक्के होण्यास प्राथमिक शाळेची काही वर्षे लागतात. इंग्रजीची सव्वीस अक्षरे वर्षभरात आली म्हणून मराठीही तितक्याच काळात यावी, ही तुलनाच चुकीची आहे.

हिंदीच्या शेजारी मराठी

आपल्या मुलांची एक अडचण पुण्याच्या मुलांना नसते. लिपी तीच, अक्षर तेच, उच्चार मात्र वेगळा. ‘ऐ’ आणि ‘औ’ हे मराठीत जोडस्वर आहेत. आपण ‘बैल’ हा ‘बइल’च्या जवळ आणि ‘चौक’ हा ‘चउक’च्या जवळ उच्चारतो. प्रमाण हिंदीत तेथे एकच, पसरट स्वर असतो. याच कारणाने पाटीवर हिंदीत ‘बैंक’ लिहितात, आणि मराठीत ‘बँक’. शाळेत ‘पैसा’ एका तऱ्हेने आणि घरी दुसऱ्या तऱ्हेने म्हणणारे मूल चुकत नाही. ते दोन भाषांचे नियम पाळत असते. त्याला तसे सांगावे, “शाळेत असे म्हणतात, आपण घरी असे म्हणतो.” मुले हा भेद मोठ्यांपेक्षा लवकर आत्मसात करतात.

अनुस्वाराचेही असेच. गोष्टीच्या पुस्तकात ‘डोकं’, ‘केलं’, ‘मांजराचं’ असे शब्द येतात. हिंदी वाचनाची सवय असलेले मूल त्यांना ‘डोकम्’, ‘केलम्’ असे वाचते. येथे टिंब नाकात म्हणावयाचे नसून शेवटचा अ लांबवावयाचा आहे, हे एकदा समजावून सांगितले की पुरते. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ यांतील स्वर तर मुलांना इंग्रजीमुळे आधीच परिचित असतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना स्थान दिले आहे. तेव्हा नव्या तक्त्यात ती अक्षरे पाहून आजोबांनी दचकू नये. ‘डॉक्टर’ हा शब्द त्यांच्यावाचून लिहिता येत नाही.

दवाखान्यात काय करता येईल?

पहिले काम श्रवणाचे. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली सहा ध्वनींची चाचणी सुपरिचित आहे : ऊ, म्, आ, ई, श्, स्. बोलण्यात येणाऱ्या मंद्र ते तार अशा सर्व पट्ट्यांचा त्यांत समावेश होतो. मुलाच्या मागे उभे राहून, ओठ न दाखविता, नेहमीच्या आवाजात एकेक ध्वनी म्हणावा. ऐकू आला की मुलाने एक ठोकळा डब्यात टाकावा. दोन मिनिटे लागतात. स्वरांना प्रतिसाद आणि श्, स् यांना नाही, असे दिसले तर उच्च पट्टीतील श्रवणदोषाचा विचार करावा. मात्र मध्यकर्णातील द्रवामुळे होणारा सौम्य दोष या चाचणीतून निसटू शकतो. म्हणून वारंवार सर्दी, तोंडाने श्वास, दूरदर्शन संचाचा मोठा आवाज, “काय? काय?” असे विचारणे, यांपैकी काही आढळल्यास कानाचा पडदा पाहावा आणि श्रवणतज्ज्ञाकडून रीतसर तपासणी करून घ्यावी.

दुसरे काम वेळेवर सावध करण्याचे. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा आलेले शब्द नाहीसे झाले, तर “मुलगे उशिराच बोलतात” या समजुतीवर विसंबू नये. उलटी अक्षरे काढणे पाच-सहा वर्षांपर्यंत सर्वसाधारण आहे. परंतु दुसरी संपूनही काना-मात्रेचे सोपे शब्द वाचता येत नसतील, तर दृष्टी, श्रवण आणि त्यानंतर अध्ययन-अक्षमता, या क्रमाने तपासणी व्हावी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे, हेही पालकांना सांगावे.

तिसरे काम पुस्तकाचे. बोस्टन येथे १९८९ मध्ये काही बालरोगतज्ज्ञांनी तपासणीस आलेल्या मुलाच्या हाती पुस्तक देण्यास आरंभ केला आणि त्यातून एक मोठी चळवळ उभी राहिली. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१४ मध्ये, बाळाला जन्मापासून वाचून दाखवावे, अशी अधिकृत शिफारस केली. आपल्या प्रतीक्षाकक्षात जाहिरातींच्या पत्रकांशेजारी चार मराठी चित्रपुस्तके ठेवण्यास कोणाची अनुमती लागत नाही.

आणि चौथे काम सल्ल्याचे. “मराठी बंद करू का?” या प्रश्नाला मी आता एकच उत्तर देतो : ज्या भाषेत आपणांस न थांबता बोलता येते, रागावता येते आणि गोष्ट सांगता येते, त्या भाषेत मुलाशी बोला. कान मी तपासतो.

तो मुलगा आता आठ वर्षांचा आहे. मागच्या खेपेस आजी त्याला घेऊन आल्या होत्या. भिंतीवरील तक्त्यातला ‘औषध’ हा शब्द त्याने हिंदी वळणाने वाचला. आजींनी तो हळूच मराठीत म्हटला. त्याने पुन्हा वाचला, यावेळी आजींसारखा. जाताना दारातून तो मला “काका, येतो” म्हणाला. दोन्ही ‘का’ स्पष्ट होते.